कॉसमॉस 482 कुठे पडलं? एका अनियंत्रित पुनर्प्रवेशाचं प्रकरण

10 मे 2025. भारतीय वेळेनुसार सकाळी 11 वाजून 34 मिनिटांच्या सुमारास कॉसमॉस 482 हे 1972 पासून पृथ्वीभोवती अडकलेलं सोव्हिएत यान जर्मनीतल्या रडारला दिसलं. पृथ्वीची आणखी एक फेरी मारून दुपारी 1 वाजून 2 मिनिटांच्या सुमारास ते पुन्हा त्याच रडारच्या टप्प्यात यायला हवं होतं. ते आलं नाही. युरोपीय अवकाश संस्थेने त्यावरून निष्कर्ष काढला की मधल्या दीड तासात यान खाली आलं आहे. रोसकॉसमॉस या रशियन संस्थेने आपल्या गणितानुसार वातावरणात शिरण्याची वेळ दिली 11 वाजून 54 मिनिटं, जागा दिली मध्य अंदमान बेटाच्या पश्चिमेला 560 किलोमीटर, आणि यान जकार्ताच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडल्याचं जाहीर केलं. तुकडा कुणाला सापडला नाही.

या घटनेच्या आधीच्या पंधरवड्यात जगभर एकच प्रश्न विचारला जात होता: कुठे पडणार? त्याला शेवटच्या तासापर्यंत उत्तर नव्हतं, आणि असं उत्तर देणं शक्यही नव्हतं. ज्यांची उत्तरं मिळत होती असे दोन प्रश्न मात्र मागे पडले. अंदाजाचा कालपट्टा किती रुंद आहे? आणि खाली येताना यानाचे किती तुकडे होणार आहेत? अनियंत्रित पुनर्प्रवेशाची, म्हणजे कुणाच्या ताब्यात नसलेलं यान वातावरणात परत शिरण्याची, बातमी समजून घ्यायची तर या दोन प्रश्नांपासून सुरुवात करावी लागते. कॉसमॉस 482 हे त्यासाठी फार चांगलं प्रकरण आहे, कारण यात वस्तूचा आकार, वजन आणि धातू आधीच बऱ्यापैकी माहीत होते.

शुक्राला निघालेलं यान पृथ्वीभोवती अडकलं

सोव्हिएत संघाने 1972 च्या मार्चमध्ये शुक्राकडे दोन जुळी यानं पाठवली. 27 मार्चला निघालेलं पहिलं यान म्हणजे व्हेनेरा 8. ते 22 जुलैला शुक्रावर उतरलं आणि पृष्ठभागावरून 50 मिनिटं 11 सेकंद माहिती पाठवत राहिलं. दुसरं 31 मार्चला बायकोनूरहून मोल्निया-एम रॉकेटवर निघालं. पृथ्वीभोवतीच्या तात्पुरत्या कक्षेपर्यंत सगळं सुरळीत होतं. तिथून शुक्राच्या वाटेवर ढकलण्याचं काम ब्लॉक-एल या शेवटच्या टप्प्याचं होतं. त्याचं इंजिन 243 सेकंद चालायला हवं होतं, ते 125 सेकंदांनी बंद पडलं. घड्याळयंत्रणेची जुळणी चुकली होती.

पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत वेग सेकंदाला 7.8 किलोमीटर असतो. शुक्राकडे निघायला साधारण साडेअकरा लागतात. अर्ध्याच ज्वलनामुळे या यानाला सुमारे 9.3 मिळाले. म्हणजे पृथ्वी सोडायला वेग अपुरा, आणि लवकर खाली पडायला फार जास्त. यान लांबट कक्षेत अडकलं: पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, सुमारे 205 किलोमीटर उंचीवर आणि सर्वांत दूरचा, म्हणजे अपभू, सुमारे 9,800 किलोमीटरवर. एका फेरीला 201 मिनिटं. विषुववृत्ताशी कक्षेचा कल 52 अंश. पृथ्वीच्या कक्षेबाहेर न गेलेल्या मोहिमांना तेव्हा सरसकट कॉसमॉस हे नाव आणि पुढचा क्रमांक मिळत असे, तसा याला 482 मिळाला.

नंतर मुख्य वाहक भाग आणि लँडर, म्हणजे शुक्रावर उतरायचा गोळा, एकमेकांपासून सुटले. वाहक भाग हलका आणि पसरट होता, तो 5 मे 1981 रोजी वातावरणात शिरला. लँडर वरच राहिला. उपग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक 6073. हा तुकडा म्हणजेच लँडर आहे, हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातले मार्को लँगब्रुक यांनी कक्षेच्या क्षयावरून मांडलं. युक्तिवाद असा की ही वस्तू ज्या संथपणे खाली येत होती, तेवढा संथपणा पोकळ टाकीला किंवा पत्र्याच्या तुकड्याला शक्य नाही. लहान आकारात बरंच वजन कोंबलेलं असेल तरच तो जमतो.

त्रेपन्न वर्षं का लागली

ही वस्तू एवढा काळ टिकली ती केवळ उंचीमुळे नव्हे. उपभू पहिल्या दिवसापासून 205 किलोमीटरच्या आसपास होता, आणि त्या उंचीवर गोल कक्षेत सोडलेला साधा उपग्रह काही दिवसांत किंवा आठवड्यांत खाली येतो. पण लांबट कक्षेत यान फेरीतली थोडीच मिनिटं त्या उंचीवर काढतं, बाकीचा वेळ जवळपास निर्वात जागेत. उपभूपाशी हवेचा रोध वेग किंचित कमी करतो आणि त्याचा परिणाम पलीकडच्या टोकाला दिसतो: अपभू थोडा खाली येतो. उपभू जवळपास जागीच राहतो. अशा फेऱ्या वर्षानुवर्षं होत 9,800 किलोमीटरचं टोक घसरत आलं. अपभू जितका खाली, तितकी फेरी छोटी आणि दिवसातल्या फेऱ्या जास्त. सुरुवातीला दिवसाला सातच्या आसपास असलेल्या फेऱ्या शेवटी सोळाच्या वर गेल्या. म्हणून असा क्षय सुरुवातीला वर्षांत मोजतात, मग महिन्यांत, आणि शेवटी तासांत.

दुसरं कारण वजन आणि छेदक्षेत्र, म्हणजे हवेसमोर येणारं क्षेत्रफळ, यांचं गुणोत्तर. लँडरचं वजन 495 किलो, व्यास सुमारे एक मीटर. छेदक्षेत्र 0.785 चौरस मीटर धरलं तर दर चौरस मीटरमागे 630 किलो येतात. सौरपंख पसरलेल्या उपग्रहात हा आकडा याच्या एक चतुर्थांशही नसतो. हवा अडवते क्षेत्रफळाला, आणि त्या अडवण्याला पुरून उरतं ते वस्तुमान.

गोळा न जळता खाली येऊ शकतो, तो का

कक्षेतून खाली येणाऱ्या बहुतेक उपग्रहांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. तो 660 अंश सेल्सियसला वितळतो आणि 75-80 किलोमीटर उंचीवर उपग्रह फुटतो. शुक्राच्या लँडरचं कवच टायटॅनियमचं होतं. त्याचा वितळबिंदू सुमारे 1,668 अंश. त्यावर उष्णतारोधक आवरण. आणि हे सगळं कशासाठी बनवलं होतं ते पाहा: जुळं भावंड असलेलं व्हेनेरा 8 शुक्राच्या वातावरणात ताशी 41,696 किलोमीटर वेगाने शिरलं, म्हणजे सेकंदाला साधारण 11.6 किलोमीटर. पृथ्वीच्या कक्षेतून पडताना वेग 7.8 असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे दर किलोमागे ऊर्जा इथे निम्म्याहून कमी. लँडरची रचना गुरुत्वाच्या 300 पट मंदन आणि पृथ्वीच्या सुमारे 100 पट दाब सोसण्यासाठी होती. आपसूक ढळत येणाऱ्या कक्षेतून पडताना मंदन आठ-नऊ पटींच्या आसपास राहतं.

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. शुक्रावर प्रवेश तीव्र कोनात होता, त्यामुळे प्रचंड उष्णता पण थोडाच वेळ. इथे कोन जवळपास सपाट. उष्णतेचा कमाल झोत लहान असला तरी तो मिनिटानुमिनिटं चालू राहतो आणि उष्णता आवरणातून आत झिरपायला वेळ मिळतो. त्यात आवरण त्रेपन्न वर्षं दर फेरीला ऊन आणि सावलीत तापत-निवत राहिलेलं. त्याला तडे गेले असतील तर गरम वायू तिथून आत शिरतो. म्हणून "गोळा अखंड पडेल" हे ठामपणे कुणीच म्हणत नव्हतं. शक्यता दाट आहे, एवढंच. पॅराशूटचा प्रश्न मात्र सोपा होता: ते उघडणारी यंत्रणा बॅटरीवर आणि 1972 च्या घड्याळांवर चालणारी. तिच्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अखंड पडला तर जमिनीजवळ वेग किती? लँगब्रुक यांच्या प्रतिमानात सेकंदाला 65 ते 70 मीटर आले, म्हणून ताशी 240 किलोमीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापून आला. तो रोध गुणांकावर, म्हणजे आकारामुळे हवेचा अडथळा किती होतो त्या आकड्यावर, फार अवलंबून आहे. 495 किलो, एक मीटर व्यास आणि समुद्रसपाटीची हवा घेऊन गुणांक 2.2 धरला तर तेवढाच येतो. गुणांक 1 धरला तर शंभर मीटर येतात, आणि गुळगुळीत गोळ्यासाठी 0.5 धरला तर 140. तिन्ही आकडे घर फोडायला पुरेसे आहेत, पण 240 हा आकडा मोजलेला असावा अशा थाटात वाचला गेला, हे बरोबर झालं नाही.

वेळ सांगता का येत नाही

अंदाज बांधण्याची पद्धत अशी. वस्तूच्या मागच्या दहा-पंधरा दिवसांच्या कक्षा घ्यायच्या. वातावरणाच्या घनतेचं एक प्रतिमान घ्यायचं. प्रतिमानातून निघणारा क्षय प्रत्यक्ष क्षयाशी जुळेपर्यंत रोधाचा आकडा बदलायचा. मग सूर्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या पुढच्या दिवसांच्या अंदाजासह ती कक्षा पुढे चालवायची, 100-120 किलोमीटरपर्यंत. नवी कक्षा हाती आली की सगळं पुन्हा करायचं. दोन ओळींच्या कक्षातपशिलात बी-स्टार नावाचा रोधाचा आकडा येतो. नवखे अभ्यासक तोच उचलून पुढे चालवतात आणि फसतात, कारण त्या आकड्यात वस्तूच्या रोधाबरोबर हवेच्या घनतेची चूकही मिसळलेली असते आणि तो दिवसागणिक हलतो.

खरी अडचण हवेची. 150 ते 300 किलोमीटर उंचीवरची घनता सूर्याच्या अतिनील किरणांवर ठरते, आणि ते किरण जमिनीवरून मोजता येत नाहीत म्हणून 10.7 सेंटिमीटर तरंगलांबीचा सौर रेडिओ प्रवाह त्यांच्या जागी वापरतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नासा आणि अमेरिकेच्या हवामान संस्थेने सूर्य कमाल सक्रियतेच्या काळात पोहोचल्याचं जाहीर केलं होतं. कॉसमॉस 482 चे शेवटचे महिने नेमके या काळात गेले. चुंबकीय वादळ आलं की वरचं वातावरण तापतं, फुगतं, आणि त्याच उंचीवर घनता वाढते. वादळ किती दिवस आधी सांगता येतं? सूर्यावर स्फोट झाल्यावर एक ते तीन दिवस. त्याआधी नाही.

या सगळ्यातून वापरात आलेला ढोबळ नियम म्हणजे उरलेल्या वेळाच्या वीस-पंचवीस टक्के मागे-पुढे. हाच नियम या प्रकरणाची किल्ली आहे. दहा दिवस उरले असतील तर दोन दिवस मागे, दोन दिवस पुढे. एप्रिलअखेर "10 मेच्या आसपास, काही दिवस इकडे-तिकडे" असा अंदाज होता, तो याच नियमात बसतो, आणि तो खरा ठरला. एक दिवस उरला की पाच तास मागे, पाच तास पुढे: दहा तासांचा पट्टा, म्हणजे जवळपास सात फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या वेळात पृथ्वी खालून 22 अंश पूर्वेला सरकते, म्हणून विषुववृत्तावर दर फेरीचा मार्ग सुमारे 2,450 किलोमीटर पश्चिमेला पडतो. सात फेऱ्यांत अर्ध्याहून जास्त जग येतं. दोन तास उरले तरी पंचवीस मिनिटं मागे-पुढे. आणि यान मिनिटाला सुमारे 470 किलोमीटर कापतं, तेव्हा पन्नास मिनिटांचा पट्टा म्हणजे 23,000 किलोमीटर. पृथ्वीचा अर्ध्याहून जास्त घेर.

आता बातम्यांमध्ये काय होतं ते बघा. अमेरिकी स्पेस फोर्सच्या स्पेस-ट्रॅक या सेवेवर अपेक्षित वेळ, मागची-पुढची अनिश्चितता आणि एक अक्षांश-रेखांश येतो. तो अक्षांश-रेखांश म्हणजे पट्ट्याच्या बरोबर मध्यावर यान जिथे असेल ती जागा. पडण्याची जागा नव्हे. अनिश्चितता दोन तासांची असताना त्या बिंदूला काहीच अर्थ नसतो. तरी नकाशावर टिंब लावून "इथे पडणार" असं दाखवलं जातं, पुढच्या संदेशात टिंब तीन खंड पलीकडे जातं, आणि वाचकांना वाटतं शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला. त्यांनी शब्द फिरवलेला नसतो. पट्टा अरुंद होत होता आणि मध्य त्याच्या आत हलत होता, एवढंच.

कॉसमॉस 482 मध्ये एक गोष्ट सोपी होती. गोळा कसाही फिरला तरी समोरचं क्षेत्रफळ तेच राहतं. सौरपंखांचा उपग्रह आडवा-उभा गडगडत येतो तेव्हा त्याचा रोध दोन-तीन पटींत बदलतो आणि अंदाज नियमाच्या पंचवीस टक्क्यांतही बसत नाही. तरीसुद्धा शेवटच्या फेरीची जागा आधी सांगता आली नाही. सर्वांत सोप्या आकाराच्या वस्तूबाबत एवढी अडचण असेल तर बाकीच्यांचं काय, ते यावरून कळावं.

धोक्याचं गणित

या यानाविषयी भीती पसरली ती "अर्धा टन वजनाचा, न जळणारा गोळा" या वर्णनामुळे. गणित उलटं सांगतं, आणि ते कागदावर करता येण्याइतकं सोपं आहे.

जमिनीवर पोहोचणाऱ्या प्रत्येक तुकड्यासाठी धोक्याचं क्षेत्र काढतात. त्यात तुकड्याचं छेदक्षेत्र आणि माणसाचं, जे 0.36 चौरस मीटर धरतात, यांची वर्गमुळं मिळवून वर्ग करतात. इथे 0.785 चं वर्गमूळ 0.886, 0.36 चं 0.6, बेरीज 1.486, वर्ग 2.2 चौरस मीटर. आता 52 अंश उत्तर ते 52 अंश दक्षिण या पट्ट्याचं क्षेत्रफळ पृथ्वीच्या 79 टक्के, म्हणजे सुमारे 40 कोटी चौरस किलोमीटर. त्यात समुद्रही आला. या पट्ट्यात साडेसात अब्जांहून थोडी जास्त माणसं राहतात. सरासरी चौरस किलोमीटरला एकोणीस. 2.2 चौरस मीटरच्या जागेत माणूस सापडण्याची शक्यता झाली साधारण 24,000 मध्ये एक. अमेरिकेच्या एरोस्पेस कॉर्पोरेशनने दिलेला आकडा होता 10,000 मध्ये 0.4, म्हणजे 25,000 मध्ये एक. जगभर पाळली जाणारी मर्यादा 10,000 मध्ये एक आहे. हे यान त्या मर्यादेच्या बरंच आत होतं.

शेजारी 2011 चं प्रकरण ठेवू. नासाचा यूएआरएस हा उपग्रह 24 सप्टेंबर 2011 रोजी पॅसिफिकवर खाली आला. त्याचे 26 भाग जमिनीपर्यंत पोहोचतील, एकूण वजन 532 किलो, आणि कुणालातरी इजा होण्याची शक्यता 3,200 मध्ये एक, असं नासाने आधी सांगितलं होतं. पोहोचणारं वजन जवळपास सारखं: एकीकडे 532 किलो, दुसरीकडे 495. धोका सात-आठ पट जास्त, कारण 26 तुकड्यांची 26 क्षेत्रं मिळवून 22 चौरस मीटर झाली. अखंड गोळा ज्या घरावर पडेल त्याचं वाटोळं करील हे खरं, पण तो एकाच जागी पडतो. तुटून विखुरणारं यान हे लोकसंख्येच्या दृष्टीने जास्त वाईट, आणि हे बातम्यांत सहसा कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रापुरता हिशेब हवा असेल तर तोही करता येतो. राज्याचं क्षेत्रफळ 3.08 लाख चौरस किलोमीटर. 52 अंश कलाच्या कक्षेत यान आपल्या अक्षांशांवर तुलनेने कमी रेंगाळतं, कक्षेच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना जास्त. ते धरून राज्याच्या हद्दीत कुठेतरी पडण्याची शक्यता साधारण 1,800 मध्ये एक येते. आठवडाभर आधी यापलीकडे कोणालाही काही सांगता आलं नसतं. या यानात किरणोत्सारी इंधन नव्हतं, त्यामुळे पडल्यावरच्या प्रदूषणाचा प्रश्न उद्भवणार नव्हता. 24 जानेवारी 1978 ला कॅनडावर पडलेल्या कॉसमॉस 954 मध्ये अणुभट्टी होती. तिथला अनुभव वेगळा आणि फार कठीण होता.

शेवटची फेरी तपासून पाहू

रोसकॉसमॉसची जागा ही प्रत्यक्ष दर्शन नव्हे, गणित आहे. पण ती जर्मनीच्या रडारशी जुळते का, हे तपासता येतं. जर्मनी (50 अंश उत्तर, 7 अंश पूर्व) आणि दिलेला बिंदू (सुमारे 12.5 अंश उत्तर, 87.7 अंश पूर्व) यांच्यातलं अंतर पृथ्वीच्या घेरावर 75 अंशांच्या आसपास भरतं. साडेसत्याऐंशी मिनिटांच्या फेरीत ते कापायला सुमारे 18 मिनिटं लागतात. 11 वाजून 34 मिनिटांत 18 मिळवले की 11 वाजून 52. रोसकॉसमॉसची वेळ 11:54. जुळतं. तोच मार्ग पुढे 6 अंश दक्षिणेपर्यंत नेला की 101 अंश पूर्व रेखांश येतो, म्हणजे जकार्ताच्या पश्चिमेचा समुद्र. तेही जुळतं.

आणि मार्ग मागे आखला तर? 25 अंश उत्तरेला तो 77 अंश पूर्वेच्या जवळ येतो आणि 20 अंश उत्तरेला 82 अंशांच्या जवळ. म्हणजे मध्य प्रदेश, मग छत्तीसगड, मग पूर्व किनारा, मग बंगालचा उपसागर. गडचिरोलीपासून हा मार्ग दोनेकशे किलोमीटर पूर्वेला जातो, आणि छत्तीसगडवरून रोसकॉसमॉसच्या बिंदूपर्यंत पोहोचायला यानाला अडीच मिनिटंही लागत नाहीत. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. हवेच्या घनतेत थोडा फरक असता तर हाच प्रवेश भारताच्या जमिनीवर झाला असता. ऐन दुपार असल्यामुळे आकाशातली रेघ कुणाच्या नजरेत भरण्याची शक्यताही कमीच होती.

नियंत्रित पुनर्प्रवेशात हाच शेवट माणसाच्या हातात असतो. इस्रोने 7 मार्च 2023 ला मेघा-ट्रॉपिक्स-1 खाली आणला तेव्हा उपग्रहात सुमारे 125 किलो इंधन शिल्लक होतं. 11 न्यूटनचे चार थ्रस्टर वीस-वीस मिनिटं दोनदा चालवून उपभू 80 किलोमीटरच्या खाली नेला आणि उपग्रह पॅसिफिकच्या निर्जन भागावर नष्ट झाला. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: इंधन, आज्ञा ऐकणारा रेडिओ आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा. 1972 च्या लँडरमध्ये यातलं काहीच जिवंत नव्हतं.

सापडला असता तर

याच प्रक्षेपणाचे पहिले तुकडे त्रेपन्न वर्षांपूर्वीच सापडले होते. 3 एप्रिल 1972 च्या पहाटे न्यूझीलंडमधल्या ॲशबर्टन परिसरात टायटॅनियमचे गोळे शेतांत पडले, प्रत्येकी सुमारे 13.6 किलो वजनाचे आणि 38 सेंटिमीटर व्यासाचे. सोव्हिएत संघाने ते आपले असल्याचं मान्य केलं नाही. अवकाशातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार 29 मार्च 1972 ला सहीसाठी खुला झाला होता, म्हणजे कॉसमॉस 482 निघण्याच्या दोनच दिवस आधी. या करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशाची, चूक सिद्ध करावी लागत नाही. कॉसमॉस 954 च्या सफाईसाठी कॅनडाने 60,41,174.70 कॅनेडियन डॉलर मागितले. 1981 च्या समझोत्यात तीस लाख मिळाले.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी राज्याच्या मोठ्या भागातून आकाशात पेटत्या रेघा दिसल्या, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. शेजारच्या भागात गोळेही सापडले. चिनी चांग झेंग 3बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याशी त्यांचा मेळ बसला. तिथे गावकऱ्यांनी वस्तू उचलून आणली, भोवती गर्दी झाली, लोकांनी हात लावून पाहिलं. सुदैवाने काही झालं नाही.

अशा वेळी गाव पातळीवर काय करायचं, हे पोलीस पाटील आणि तलाठ्याला आधीच माहीत असलं पाहिजे. गोळा किंवा टाकी सापडली तर जवळ जायचं नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबायचं, कारण अशा टाक्यांत हायड्रॅझिन या इंधनाचा अंश असू शकतो आणि तो श्वासातून आणि त्वचेतून विषारी आहे. टाकीवर काळ्या धाग्यांचं वेष्टण दिसलं तर ते कार्बन तंतूंचं असतं. त्याच्या कुसळी हातात घुसतात आणि भूगा फुफ्फुसात जातो. ठोकायचं नाही, कापायचं नाही, भंगारात द्यायचं नाही. वस्तू हलवण्याआधी खड्ड्यासह फोटो घ्यायचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपायचे. आवाज किंवा उजेड कुणी पाहिला असेल तर घड्याळातली नेमकी वेळ आणि आकाशातली दिशा लिहून घ्यायची, कारण कक्षेशी जुळवणी करून वस्तू कुणाची ते ठरतं ते या दोन नोंदींवर. पोलीस ठाणं, तहसीलदार, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, आणि तिथून इस्रो, अशी माहिती वर जाते.

वस्तूची मालकी पडल्यानंतरही प्रक्षेपण करणाऱ्या देशाकडेच राहते, आणि मागितल्यास ती परत द्यावी लागते. त्यामुळे ज्याच्या शेतात पडली त्याने ती विकायची नसते. पण पीक, विहीर, घर किंवा जनावराचं नुकसान झालं असेल तर पंचनामा त्याच दिवशी व्हायला हवा. नुकसानीच्या जबाबदारीच्या कराराखाली शेतकऱ्याला थेट परदेशाकडे दावा करता येत नाही, तो भारत सरकारमार्फत राजनैतिक मार्गाने जातो. मुदत एक वर्षाची: नुकसान झालं त्या दिवसापासून, किंवा वस्तू कोणत्या देशाची ते कळलं त्या दिवसापासून.